तीन बाजारांची डुकरीण, चार बाजारांची बाई

पंचफुले, तुला जाऊन आज दहा दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण काही मिटत नाही. सकाळी उपकेंद्राचं कुलूप काढते, लसीची कार्डं मांडते, आणि मागच्या ओट्यावर कोणीतरी खाकरतं. तू कधी हाक मारायची नाहीस, नुसती खाकरायचीस. मी आतून ओरडायची, "आली वं, जरा दम धर!" काल मी खरोखरच ओरडले. समोर बसलेल्या बाळंतिणीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गडबडून तिच्या बाळाचं वजन पुन्हा एकदा केलं.

जो तो मला सांगतो, बाई, यात तुमचा काय दोष. दोष आहे की नाही, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. बाकी कोणाला आपल्यातलं माहीतच नाही. मी या गावची नर्स, तू नाल्यापलीकडे डुकरं पाळणारी. लोकांना वाटायचं, ही तापाची गोळी मागायला येते. आपण त्या ओट्यावर बसून काय काय बोलायचो ते कोणी ऐकलं असतं, तर माझी नोकरी गेली असती आणि तुला गावातून काढलं असतं.

मी नवीन होते तेव्हाचं तुला आठवतं का? घरभेटी करत नाल्यापलीकडे आले, तर तू एका डुकरिणीच्या कमरेवर दोन्ही हात टेकून, सगळा भार टाकून उभी. मी विचारलं, "हे काय करून राह्यली?" तू म्हणालीस, "माजावर आली का नाही ते पाहून राह्यली," आणि माझा हात धरून ओढलंस. पांढऱ्या साडीतली मी, नर्सिंगचं सर्टिफिकेट घेतलेली, त्या डुकरिणीची कंबर दाबत उभी! ती जागची हलली नाही. कान ताठ, पाय रोवलेले. "पाहा, उभी राह्यली म्हंजे हो म्हन्ते. उद्या हलन. परवा चावन." मग डोळा मारून म्हणालीस, "तुमच्या मालकाले हे शिकवलं का नाही कोनं?" मी लालबुंद झाले. एवढी चावट बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

तुझ्या घरात कॅलेंडर नव्हतं. दारव्ह्याचा आठवडी बाजार हेच तुझं कॅलेंडर. डुकरीण तीन बाजारांनी पुन्हा माजावर येते, बाईची पाळी चार बाजारांनी, हे तुझं गणित. मधल्या दिवसांत अंगावरून जाणाऱ्याचा रंग कसा बदलतो, चिकटपणा कसा, वास कसा, ते तू बोटावर सांगायचीस. मी अठ्ठावीस दिवसांचं चक्र पुस्तकातून पाठ केलं होतं, तू ते नाकाने ओळखायचीस. "एकाच बाजाराचा फरक हाय बाई, आपल्यात अन् त्यायच्यात," असं म्हणायचीस. मला ते ऐकायला मुळीच आवडायचं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पऱ्हाटीवर अळी पडायची, वाचलेल्या कापसाला कोणी विचारायचं नाही, आणि आपल्या रस्त्यावर कधी नाही त्या शहरातल्या गाड्या यायला लागल्या. पेपरवाले, कॅमेरेवाले, वह्या घेतलेली माणसं. घरोघरी जाऊन, फास घेतलेल्या, औषध प्यालेल्या पुरुषांबद्दल विचारायचे. एकदा त्यातल्या एकाला तू रस्त्यातच अडवलंस, "बायाइचंबी पुसा कोनी." तो वही उघडून म्हणाला, सांगा मावशी. तू सांगितलंस, "बायाइचं खालून जाते. वास मारते. ओटीपोट दुखते. तरी दिवसभर वाकून वेचतात." त्याने वही मिटली आणि गाडीत जाऊन बसला. तू येऊन त्याची नक्कल केलीस तेव्हा आपण दोघी पोट धरधरून हसलो. आता ते हसणं आठवायलाही नको वाटतं.

कारण बायांचं जे बिघडत होतं त्यात माझाही हात होता. आपल्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावरात दही-भाताचा नैवेद्य ठेवायचा, पऱ्हाटीची पूजा करायची, मगच कापसाला हात लावायचा. त्या दिवशी पाळीची बाई वावरात चालत नाही. एकाच घरचं वावर असतं तर एक दिवस घरी बसून भागलं असतं. पण टोळीने जाणाऱ्या बाया आज एकाच्या वावरात, चार दिवसांनी दुसऱ्याच्या, आणि प्रत्येक वावराचं सीतादही वेगळं. मग टोळीची म्होरकी माझ्याकडे यायची, "बाई, गोळ्या आना ना." पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. सरकारी साठ्यात त्या नसायच्या, मी दारव्ह्याच्या मेडिकलमधून आणायची. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून देव्हारा नाही, विटाळ पाळणं माझ्या आजीनेच सोडून दिलं होतं, आणि तिची नात गावभर विटाळ लांबवायच्या गोळ्या वाटत फिरत होती! पण बायांचा कामाचा दिवस बुडत नव्हता, त्या मला दुवा द्यायच्या, आणि खरं सांगते, मला ते फार गोड लागायचं.

त्याच हंगामात तू मला ती डुकरीण दाखवलीस. शेजारच्या गावच्या एका माणसाने तिला तुझ्या नराकडे आणलं होतं, पण वेचणीच्या गडबडीत दोन दिवस उशिरा. तू कंबर दाबलीस, ती हलली. तू म्हणालीस, माज उतरला, आता नको. तो म्हणाला, एवढ्या लांबून आणली ती काय परत न्यायला? तू घरात नसताना त्याने तिला खुंट्याला बांधून नर लावला. दोन बाजार होतात न होतात तोच तिच्या अंगावरून पू जायला लागला आणि तो माणूस तिला तुझ्याच दारात सोडून गेला. मी नाकाला पदर लावून उभी होते. तू तिच्याजवळ बसून गरम पाण्याने पुसत होतीस आणि माझ्याकडे न पाहता बोलत होतीस.

"माजावर अस्ते तवा आतमदी राखन जागी अस्ते बाई. नरासंगं घान आत जातेच, पन आतलं आंग ते सारं धुऊन काढते. माज उतरला का राखन ढिल्ली होते. काहून का आता गर्भ राहाचा टाइम. पाहुना येनार म्हून आपन कुत्रं बांधून ठेवतो का नाही? तवाच चोर शिरते."

मग तू मान वर केलीस. "अन् तुमच्या गोळ्या? पाळीच येत नाही, म्हंजे कुत्रं बांधेलच राह्यलं ना? जिले आंधीच खालून जाते तिले कायले देता वं बाई? पुसत तं जा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "डुकरं पाळ तू. दवाखाना मला शिकवू नको. बाई आणि डुकरीण एक नसते." तू हातातलं फडकं पिळलंस, "बरं," म्हणालीस आणि पुन्हा पुसायला लागलीस. ती डुकरीण वाचली, पण पुन्हा कधी व्यायली नाही. तू तिला विकलं नाहीस. आणि तो विषय तू माझ्यापाशी पुन्हा काढला नाहीस.

डूक धरून बसली असतीस तर आज मला सोपं गेलं असतं. पण सहाच महिन्यांनी माझा तिसऱ्या महिन्याचा गर्भ पडला, तेव्हा तू रोज यायचीस. सासूबाई दारात नाक मुरडायच्या, तू अंगणात उकिडवी बसून आत ओरडायचीस, "ताप हाय का? वास येते का? पोट दुखते का?" साऱ्या गल्लीला ऐकू जायचं. मी लाजेने मरायची. पाचव्या दिवशी मी उत्तर दिलं नाही तर तू सरळ आत आलीस, माझ्या कपाळाला हात लावलास, आणि माझ्या नवऱ्याला दरडावलंस की आत्ताच्या आत्ता दारव्ह्याला न्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस काढला असता तर अवघड होतं. तू होतीस म्हणून मी आहे, हे मी तुला कधी म्हटलं का? आठवत नाही. बहुतेक नाहीच.

तीन वर्षांपूर्वी यवतमाळला आमचं प्रशिक्षण होतं. जेवणानंतरची वेळ, साऱ्याजणी पेंगत होत्या. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. म्हणाल्या, हे अठ्ठावीस दिवसांचं, बाईचं, आणि हे एकवीस दिवसांचं, डुकरिणीचं. माझी झोप खाडकन उडाली. त्या सांगत होत्या की अंडं सुटायच्या सुमारास इस्ट्रोजेनचा जोर असतो. माजावरच्या डुकरिणीच्या गर्भाशयात तेव्हा पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आत शिरलेले जंतू साफ करतात. अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. रुजणारा गर्भ अर्धा परका असतो, त्याच्यावर शरीराने हल्ला करू नये म्हणून आतली राखण सौम्य होते, आणि नेमकं तेव्हाच जंतूंना फावतं. बाईशी डुकरिणीचं पुष्कळ जुळतं, म्हणून हा अभ्यास तिच्यावर करतात.

मी हात वर करून विचारलं, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं काय? त्या म्हणाल्या, त्याही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या. पण गोळीने रोग होतो असं गावात सांगत सुटू नका. बाईच्या बाबतीत सगळं अजून उलगडलेलं नाही, आणि योनीचं वेगळं, गर्भाशयाचं वेगळं. खरं तर डॉक्टरला न दाखवता या गोळ्या तुम्ही वाटायच्याच नाहीत. वाटता हे मला माहीत आहे, तर निदान आधी विचारा, अंगावरून जातं का, वास येतो का, ओटीपोट दुखतं का. असेल तर आधी उपचार.

तू ओरडून विचारायचीस तेच प्रश्न, पंचफुले. मी वहीत लिहून घेतले.

परत येताना काळी-पिवळीत चेंगरून बसले होते आणि मनात वाक्य जुळवत होते. पंचफुले, तू बरोबर होतीस. चारच शब्द. तू फाट्यावरच भेटलीस, पोत्यात पिल्लू घेतलेलं. "काय शिकून आल्या बाई?" मी म्हटलं, "काय शिकवतात, तेच तेच." आपण गावापर्यंत सोबत चालत आलो, चांगला अर्धा तास. पोत्यातलं पिल्लू केकाटत होतं म्हणून बोलता आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. साफ खोटं. मला लाज वाटली. टोळीच्या बायांना मी तेव्हापासून ते प्रश्न विचारायला लागले हे खरं, पण "मोठ्या मॅडमनी सांगितलंय" म्हणून. तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

यंदा मंदाचं लग्न ठरलं. तुझी एकुलती एक पोरगी, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. आणि आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे गोळ्या मागायला आलीस. मी काय केलं? बरी सापडली म्हणून टोमणा मारला, "काय वं, आता कुत्रं बांधायचं का?" तू हसलीस, पण नेहमीचं ते हसू नव्हतं. "एक डाव बांधू द्या बाई. पोरीले हयद लागन अन् मी बाहेर बसू का?" मी पाकीट दिलं. नवरदेवाच्या घरी कोणी वारलं, तारीख पुढे गेली, तू दुसरं पाकीट मागायला आलीस. तेही दिलं. टोळीतल्या बाई-बाईला विचारणारी मी, तुला काही विचारलं नाही. तुला विचारलं असतं तर तू लगेच ओळखलं असतंस की बाई माझंच मला विचारून राह्यली. तेवढ्यासाठी, पंचफुले. फक्त तेवढ्यासाठी विचारलं नाही.

लग्नानंतरचा तो बुधवार. लसीकरणाचा दिवस, अंगणभर बाया आणि रडणारी लेकरं. मागे तू खाकरलीस. "बाई, ओटीपोट लय दुखून राह्यलं. हिव भरते." मी दारातूनच म्हटलं, "वरातीत नाच-नाच नाचलीस, वरून वेचणीला गेलीस, दुखणार नाही तर काय? हे उरकू दे." आणि तापाच्या गोळ्या तुझ्या हातावर टेकवल्या. लसीकरण उरकून मागे आले तर तू नव्हतीस. म्हटलं, बरं वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी घरी यायचं ठरवलं होतं, पण रिपोर्ट भरायचे राहिले होते. शनिवारी कळलं की तुला जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं.

दवाखान्यात तुझी खाट खिडकीजवळ होती. मी आले तेव्हा उन्हाचा पट्टा तुझ्या पायावर पडला होता. मला पाहून हळूच म्हणालीस, "बाई, वास येऊन राह्यला ना?" मी म्हटलं, "नाही वं. कशाचा वास?" तुझ्याशी खोटं, आणि तेही वासाबद्दल! तू माझ्याकडे पाहत राहिलीस आणि मग डोळे मिटलेस. ते मला माफ करून मिटलेस की थकून, हे मी दहा दिवस ठरवते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

डॉक्टर म्हणाले, आत जुना जंतुसंसर्ग होता, पू साठून फुटला. मी विचारलं, गोळ्यांमुळे? ते म्हणाले, सांगता येत नाही, संसर्ग आधीपासूनच असणार, फार उशिरा आणलं. सांगता येत नाही. हे शब्द आता माझ्या घरात राहायला आले आहेत. भाजी निवडताना येतात, कोणाच्या दंडात सुई टोचताना येतात. मी फिनेलने हात धुते, तरी ताटावर बसले की तो वास येतो. नवरा म्हणतो, कुठे काय, काही नाही. त्याचं ते "काही नाही" ऐकून मी ताट सारून उठते.

तुझी भीती वाटत नाही गं. तू आलीस तर मी आत बोलावून खुर्चीवर बसवीन. पण तू येतेस ती ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसतेस आणि बोलत नाहीस. मला एकच विचारायचं असतं. दुसऱ्याच्या दारातल्या डुकरिणीचं दुरून ओळखणारी तू, तुला तुझं स्वतःचं कळलं नव्हतं हे मी मेले तरी मानणार नाही. मग लपवलंस कायले? कायले वं?

आज दुपारी मंदा आली. तुझ्या तेरवीला तीन दिवस राहिले. म्हणाली, "बाई, माही तारीख तेरवीवरच येते. आईच्या पानाले कोनी हात लावू देनार नाही मले. गोळी द्या ना." माझा राग अगदी ओठावर आला होता, तो गिळला.

"अंगावरून जातं का?"

तिने होकाराची मान हलवली.

"वास येतो?"

"येते."

"ओटीपोट?"

"वाकलं का दुखते. लग्नाच्या आंधीपासून. आईलेबी जाय. आमी दोघी एकमेकीले सांगू."

"मग मला काहून नाही सांगितलं?" मी केवढ्याने ओरडले! मंदा घाबरून उठायलाच निघाली. मी तिला धरून खाली बसवलं. ती रडत रडत म्हणाली, "मी लय डाव म्हटलं, आई, चाल बाईकडे. तं आईच नोको म्हणे. म्हणे, आता दाखवलं तं बाईले वाटन का पंचफुला आपलं खरं करून दाखवाले आली. वाईट वाटन तिले. लगन होऊ दे, मंग मी हळूच सांगन तिले."

मी गोळी दिली नाही, पंचफुले. मंदाला टेबलावर झोपवून तपासलं. उद्या तिला घेऊन दारव्ह्याच्या डॉक्टरकडे जाते आहे, तिच्या नवऱ्यालाही सोबत यायला सांगितलंय. तेरवीला पाळी आली तरी पान तीच वाढेल, कोणाला काही म्हणायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं, हेही तुझ्या दिराला सांगून आले. आणि मंदाला सांगितलं, तुझी आई बरोबर होती.

तिने डोळे पुसले आणि विचारलं, "कायच्यात?"

तिला काहीच माहीत नव्हतं. गोळ्यांचं नाही, भांडणाचं नाही, त्या डुकरिणीचंसुद्धा नाही. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. एवढ्या वर्षांत तू स्वतःच्या पोरीलाही सांगितलं नव्हतंस, की नर्सबाई चुकली.